रेल्वे तालुक्यात नाही, रेल्वेचं दुखणं आहे

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा फूटभरही रूळ नाही. गाडी पकडायची तर पुणे गाठायचं, नाहीतर नीरा किंवा लोणंद. पुस्तकात ‘भोर घाट’ वाचून आपली शाळकरी पोरं खूश होतात, पण तो घाट खंडाळ्याचा. आपल्या भोरशी त्याचा संबंध नाही. तरीही बीपी-शुगर तपासायला आम्ही एखाद्या वस्तीवर विहारात सतरंजी टाकून बसलो, की तासाभरात एक तरी म्हातारा येतो आणि सांगतो, “आम्ही रेल्वेत होतो.” कुणी गँगमन, कुणी खलाशी, कुणी फाटकवाला. कुणाची नोकरी मिरज लाइनवर गेली, कुणाची परळ-माटुंग्याच्या कारखान्यात. नोकरी संपली, क्वार्टर सोडली, ट्रंक घेऊन माणूस गावी आला. ट्रंकेबरोबर दुखणीही आली. ती कुठून आली हे घरात कुणी विचारत नाही. “वय झालं” म्हणतात आणि गप्प बसतात.

ते सगळं वयाचं नाही. या पानावर यावेळी आम्हाला तेवढंच सांगायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका वस्तीत एक बाबा आले. मुलगा सोबत होता. तो म्हणाला, “सिस्टर, यांना ऐकू येत नाही, आणि वर आमच्यावरच चिडतात.” आम्ही कानाशी जाऊन विचारलं, “बाबा, कामाला कुठं होता?” तीस वर्षांहून जास्त गँगमध्ये. मग त्यांच्या सूनबाईला विचारलं, कुणाचं ऐकू येत नाही? तर तिचं आणि नातीचं अजिबात नाही. मुलाचं थोडंफार येतं. एवढ्यावरून आम्हाला बरंचसं कळलं. आवाजाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. बायकांचे, लेकरांचे. माणसाला वाटतं, घरातले पुटपुटतात. घरातल्यांना वाटतं, म्हातारा हेकट झाला. दोघांचीही चूक नसते. लोखंडावर घण, डोक्यापाशी इंजिनाचा भोंगा, खडी ठोकायच्या यंत्राचा खडखडाट, आणि कानाला काही लावायला नाही. असं तीस वर्षं ऐकलेला कान पुन्हा बरा होत नाही. पण मशीन लावता येतं, समोर बसून सावकाश बोलता येतं. त्याआधी कानात मळ साचलाय का तेही बघावं. कधीकधी अर्धा बहिरेपणा तेवढ्यानेच उतरतो. त्या बाबांना आम्ही कानाच्या तपासणीला पाठवलं. मुलगा त्यांच्याशी आता जरा वेगळ्या सुरात बोलतो, असं सूनबाई सांगत होती.

आपली माणसं रेल्वेत गेली कशी, हेही नव्या पिढीला ठाऊक नसतं. गावात महारकी होती. येसकरपाळी, निरोप पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, आणि त्या बदल्यात बलुतं, शिळी भाकरी. वतनं कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक गाव सोडून मिळेल त्या कामाला जात होते. पलटणीत, गिरणीत, गोदीत, रेल्वेत. रेल्वेचं आकर्षण साधं होतं: महिन्याच्या महिन्याला रोख पगार, राहायला खोली, वर्षाकाठी पास. कुणाच्या दारात भाकरीसाठी उभं राहायला नको.

पण रेल्वेने आपल्या कष्टकऱ्यांचं शरीर पहिल्या दिवसापासून स्वस्तात घेतलं. तो खंडाळ्याचा भोर घाट बांधायला १८५६ मध्ये सुरुवात झाली आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. ऐन कामाच्या भरात तिथे चाळीस हजारांवर मजूर होते. डोंगरउतारावर झोपड्या, पाणी मिळेल तिथलं, संडासाची सोय नाही. कॉलरा आला की छावण्यांच्या छावण्या रिकाम्या व्हायच्या. स्फोटांत आणि दरडींखाली मेले ते वेगळेच. हजारो माणसं गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा साहेबही १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला, मग त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे नेला. साहेबाचं नाव इतिहासात आहे. मजुरांच्या नावांची यादी कुणी ठेवली नाही.

आता मिरज लाइनकडे वळू, कारण आपल्या भागाला जवळची तीच. याच लाइनवर पुढे साताऱ्याच्या पलीकडे मसूर नावाचं स्टेशन आहे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले होते, ते मसूरला उतरले. चांगले कपडे घातलेली पोरं बघून स्टेशन मास्तर आधी आपुलकीने चौकशी करत होता. महार म्हटल्यावर त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात, वाटेत रात्रभर पाणी मिळेना. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. आम्ही तो इथे आणला तो पुढच्या एका गोष्टीसाठी.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं म्हणणं त्याच भाषणातलं. ते सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामांची जी फोड केली, ती फारसं कुणी सांगत नाही. आपला माणूस रेल्वेत शिरतो तो गँगमन म्हणून आणि जन्मभर गँगमनच राहतो, वर चढायला वाट नाही. त्याला स्टेशनवर पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात, आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. कारखान्यात त्याला मेकॅनिक होऊ देत नाहीत. म्हणजे मसूरच्या फलाटावर मागे सरलेल्या त्या मास्तरामुळेच आपला माणूस स्टेशनच्या सावलीत नाही, तर उन्हात रुळावर गेला. कोणत्या जातीच्या माणसाचे गुडघे झिजणार आणि कोणाचा कान जाणार, हे नेमणुकीच्या दिवशीच ठरलेलं होतं. नर्सिंगच्या पुस्तकात रोगाची कारणं शिकलो त्यांत हे कारण नव्हतं.

गँगचं काम काय असतं, ते घरच्यांनी समजून घ्यावं. एका गँगकडे साधारण पाच-सहा किलोमीटर रूळ. सकाळी मुकादमाच्या मागे पहार, बीटर, फावडी, घमेली घेऊन निघायचं. गाडीच्या वजनाने स्लीपरखालची खडी खचते, रूळ बसतो. मग चारजणांनी समोरासमोर उभं राहून बीटरने खडी स्लीपरखाली ठोकायची. कमरेत वाकून, एका तालात, कारण ताल चुकला तर शेजाऱ्याच्या पायावर घाव. आता यंत्रं आली, पण जिथे यंत्र पोचत नाही तिथे हात आहेतच. पूर्वीचे स्लीपर लाकडी होते, आता सिमेंटचे. एकेकाचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. रूळ साठ किलोचा म्हणतात तो मीटरला साठ किलो. तेरा मीटरचा तुकडा पावणेआठशे किलोच्या पुढे जातो. हे सगळं खांद्यावर आणि कमरेवर उचललं गेलं. मणक्याची चकती सरकणं, गुडघ्यातली गादी झिजणं, पायाच्या शिरा फुगणं ही याची दुखणी. यंत्राने खडी ठोकणाऱ्यांची बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. अशा माणसाला शुगरही असली तर बधिरपणा कशाचा ते डॉक्टरला कळत नाही, म्हणून काम कोणतं होतं ते आपण होऊन सांगायचं.

उन्हाळ्यात रूळ तापून फुगतो, वाकडा होऊ शकतो, म्हणून दुपारीच गस्त. घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. पावसाळ्यात रात्रीची गस्त: हातात कंदील, नंतर बॅटरी, काखेत लाल झेंडी आणि रुळावर ठेवायचे फटाके. मिरज लाइनवर शिंदवण्याचा आणि आदर्कीचा असे दोन घाट आहेत. दरड आली, माती खचली, तर गाडी थांबवणारा तोच एक माणूस. साप-विंचवाची भीती वेगळी. पहाटे घरी येऊन झोपायचं तर पत्र्याच्या खोलीत झोप कसली. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्यांना बीपी आणि पोटाच्या तक्रारी का जास्त दिसतात, ते यावरून समजेल.

चावीवाला म्हणजे की-मॅन रोज एकटा चालत सगळा बीट तपासतो. सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या, तुटलेलं काही दिसलं तर गाडी अडवायची. लाइन एकेरी होती तोवर गाडी पुढून येईल की मागून, याचा हिशेब डोक्यात ठेवून चालायचं. धुकं असलं, वारा उलटा असला, किंवा कान आधीच गेलेला असला, की गाडी ऐकू येत नाही. हे नीट लक्षात घ्या. रेल्वेच्या आवाजाने कान जातो, आणि गेलेल्या कानामुळे माणूस रेल्वेखाली जातो. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या सुरक्षा समितीने अहवाल दिला. त्यात पाचेक वर्षांत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मेल्याची आणि आठ हजारांहून जास्त जखमी झाल्याची नोंद आहे. गाडी जवळ आल्याची सूचना देणारं ‘रक्षक’ नावाचं यंत्र आता निघालं आहे. ते प्रत्येक चावीवाल्याच्या कमरेला असलं पाहिजे. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर हौशी मंडळी तिचा केक कापतात. आमची काही हरकत नाही. पण त्या गाडीखालची खडी ज्यांनी ठोकली त्यांना कुणी साधं विचारतही नाही.

कामाच्या तासांचंही सांगतो. १९३० च्या कायद्याने रेल्वेतल्या सलग कामाला आठवड्याचे ६० तास ठरले, आणि ज्यांचं काम ‘थांबून-थांबून’ आहे असं साहेबांना वाटलं त्यांना ८४. म्हणजे सातही दिवस रोज बारा तास. लहान फाटकावरचा फाटकवाला तर या हिशेबातही धरला जात नसे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. परळ-माटुंग्यातल्या माणसाला त्याचा फायदा झाला. रुळावरच्या माणसाला न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या १९४७ च्या निवाड्याने ६० चे ५४ आणि ८४ चे ७५ मिळाले. पुढे ८ मे १९७४ पासून वीस दिवस देशभर रेल्वे बंद राहिली, त्यात बोनसबरोबर आठ तासांची मागणी होती. त्या संपात धरपकड झाली, बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. आज ऐंशीच्या घरात असलेले काही बाबा तेव्हा तरणे होते. ते संपाची गोष्ट रंगवून सांगतात. त्यांच्या बायकांना विचारलं की त्या फक्त सांगतात, चूल कशावर पेटवली.

रोजंदारीवाल्यांची गोष्ट याहून वाईट. ठरावीक दिवस भरले की टेम्पररीचा हक्क मिळतो, म्हणून दिवस भरायच्या आत कमी करायचं, पुन्हा नव्याने घ्यायचं. १९८५ मध्ये इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरच्या रोजंदारी कामगारांना टप्प्याटप्प्याने सामावून घ्यायला लावलं. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षं गेली होती. कागदावर ती नोकरी नाही, हाडांवर मात्र आहे.

परळ-माटुंग्याच्या कारखान्यातून आलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचं आवरण घालायची पद्धत जगभर होती. त्याचा भुगा छातीत गेला तर आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. चालताना दम लागणं, कोरडा खोकला. अशा माणसाला नुसतं ‘दमा’ म्हणून पंप देऊन पाठवतात. छातीचा फोटो काढायला सांगा आणि कुठल्या खात्यात काम केलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी कुणीही टाळू नये, रेल्वेतला असो वा नसो.

जे अजून नोकरीत आहेत त्यांच्याशी आमचं जरा भांडणच आहे. रेल्वेत ठरावीक वयानंतर मेडिकल तपासणी होते. गँगमध्ये काम करणाऱ्याची पंचेचाळिशीला, आणि मग दर पाच वर्षांनी. ‘अनफिट’ व्हायच्या भीतीने आपली माणसं साखर लपवतात, डोळ्याला कमी दिसतं ते लपवतात, तपासणीच्या आदल्या आठवड्यात भात सोडतात. भीती खोटी नाही. घर त्या पगारावर चालतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० माहीत असू द्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, खालच्या जागेवरही टाकता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, आणि तसं काम नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. रेल्वेच्या स्वतःच्या नियमांतही मेडिकल वर्ग उतरलेल्याला पर्यायी काम देण्याची तरतूद आहे. लपवलेली साखर पाय घेऊन जाते. कलम २० पगार सांभाळतं.

अनुकंपावर लागलेल्या आपल्या लेकीसुनांचं दुखणं आणखी वेगळं. नवरा गेला, बाई ट्रॅकवर लागली. पाच-सहा किलोमीटरच्या उघड्या माळावर संडास नाही. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, कंबरदुखी, आणि पुन्हा तेच. एका ताईने आम्हाला सांगितलं, की पाळीच्या दिवसांत ती सरळ बिनपगारी रजा टाकते. गोळ्या आम्ही देतो, पण याचं औषध गोळीत नाही, गँगच्या ठिकाणी आडोशाच्या खोलीत आहे. युनियनच्या बैठकीत बायकांनी हा विषय पुरुषांच्या तोंडून न मांडता स्वतः मांडावा.

आणि रुळांवरची घाण. डब्यांचे संडास उघडे होते तोवर ती कोण उचलत होतं, हे आपल्याला सांगायची गरज नाही. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्या वर्षी ६ डिसेंबरला लागू झाला. त्यात रेल्वेचे रूळ स्पष्ट धरले आहेत. पण साधनं आणि हातमोजे दिले की ते काम ‘तसलं’ राहत नाही, अशी पळवाटही त्याच कायद्यात आहे. डब्यांना बायो-टॉयलेट बसले, तेव्हा कुठे रूळ पुष्कळसा स्वच्छ झाला. स्टेशनची सफाई आता बहुतेक ठेकेदाराकडे आहे. आपली पोरं तिथे लागतात तेव्हा पहिल्याच महिन्यात ईएसआय कार्ड आणि पीएफ नंबर मागून घ्यावा, हजेरीवर नाव आहे का बघावं. कावीळ आणि धनुर्वाताची लस घेतल्याशिवाय त्या कामाला हात लावू नये.

आता ट्रंकेतल्या कागदांबद्दल, कारण औषधाचे पैसे तिथेच अडकलेले असतात. रिटायर होताना ज्यांनी आरईएलएचएस या योजनेत पैसे भरले, त्यांना आणि त्यांच्या बायकोला रेल्वे दवाखान्याचे उपचार मिळतात. त्यासाठी आता ‘उमीद’ कार्ड लागतं. पण भोर-वेल्ह्यातून साध्या गोळ्यांसाठी पुण्याला कोण जाणार? रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्या पेन्शनरला, ओपीडी सोडली तर, महिना १००० रुपये वैद्यकीय भत्ता मागता येतो. आपल्या दोन्ही तालुक्यांतला प्रत्येक रेल्वे पेन्शनर अंतराच्या या अटीत बसतो. शुगर-बीपीसारखा कायमचा आजार असेल तर भत्ता घ्यायचा की ओपीडी ठेवायची, हे आधी विचारून ठरवावं, घाईने फॉर्म भरू नये. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नये; ऐंशी ओलांडलेल्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. आणि ऐंशी पूर्ण झाली की पेन्शनच्या मूळ रकमेत २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०. ही वाढ विधवेच्या फॅमिली पेन्शनलाही लागू आहे.

हे शेवटचं फार जणींना मिळत नाही, कारण पेन्शनच्या पुस्तकात, म्हणजे पीपीओमध्ये, नवऱ्याची जन्मतारीख असते आणि बायकोची नसते. भोरजवळच्या एका वस्तीतल्या आजी अशाच. नवरा गँगमन होता, जाऊन बारा वर्षं झाली. आजी आधारकार्डाप्रमाणे त्र्याऐंशीच्या आहेत, गुडघ्यांना पट्टे बांधून चालतात, आणि बँक त्यांना वाढ देत नाही, कारण पुस्तकात त्यांच्या वयाचा रकाना कोरा आहे. तो भरायला अर्ज, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं, सोबत मूळ पीपीओ. “मूळ कागद कुठं आहे, आजी?” तर तो पुण्याला धाकट्याकडे, ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. आम्ही धाकट्याला फोन लावला. रविवारी घेऊन येतो म्हणाला आहे.